वरच्या मजल्याचा उन्हाळा



श्रीरामपूरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. फेब्रुवारीत त्या स्वतःच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायला गेल्या, खालचा मजला भाड्याने दिला. "वर हवा छान खेळते असे सगळे म्हणाले. पण होळी झाली आणि चित्र पालटले. रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तर चटका बसतो. पंखा लावला की वरून वाफा येतात. हे आणि मुलगा गच्चीवर झोपतात, मी आणि दोघी मुली खोलीत. काही उपाय सांगाल का?"

त्यातले "हे आणि मुलगा गच्चीवर" हे वाक्य मी दोनदा वाचले. आमच्या गल्लीतही घरोघरी हेच. चारी बाजूंनी घरे उंच झाली, सगळ्यांच्या खिडक्या आपल्या गच्चीकडे बघतात, मग सुनेने किंवा वाढत्या वयाच्या मुलीने उघड्यावर अंथरूण कसे घालायचे? त्यामुळे घरातली सगळ्यात तापलेली खोली रात्रीपुरती बायकांच्या वाट्याला येते. सकाळी पाचला उठून पुन्हा त्याच मजल्यावर गॅससमोर उभे राहायचे. तेव्हा हा प्रश्न ऐषआरामाचा आहे असे कोणी म्हणाले तर त्यांना एक रात्र तिथे झोपवावे.

मीही एकेकाळी उन्हाळा म्हटला की असा त्रास व्हायचाच, असे म्हणत होते. ते कसे बदलले ते आधी सांगते.

आमचे घर नगरमध्ये, म्हणजे २०२४ पासून सरकारी कागदावर अहिल्यानगर. तोंडात मात्र अजून नगरच येते. खाली दुकान आणि माल ठेवायची खोली, वर आम्ही. मागच्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला होता. मी वार्षिक परीक्षेच्या पेपरांच्या गठ्ठ्यात बुडालेली. सासूबाईंचे वय ७४. त्या तीन दिवस सांगत होत्या, "अगं, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. तव्यावर पडल्यासारखं होतंय." मी म्हटले, "आई, उन्हाळाच आहे, सगळ्यांनाच होतंय," आणि पंखा पाचावर करून पुन्हा पेपर ओढले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर त्यांनी मला माझ्या वारलेल्या मावससासूबाईंच्या नावाने हाक मारली. कपाळाला हात लावला, तर अंग भट्टीसारखे आणि कोरडे, घामाचा टिपूस नाही. आम्ही दोघांनी त्यांना उचलून खाली दुकानाच्या फरशीवर आणले, लुगड्यावरच पाणी ओतले, मानेला, काखेत, जांघेत ओले पंचे ठेवले, पंखा लावला आणि गाडी बोलावली. दवाखान्यात दोन दिवस सलाईन लागले. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "आजी रात्री कुठे झोपतात?"

तो प्रश्न मला तेव्हा विचित्र वाटला. मग त्यांनी समजावून सांगितले. दिवसभर शरीर उष्णता सोसते ते रात्री निवायला मिळेल या भरवशावर. रात्रही तापलेली गेली, की दुसऱ्या दिवशी शरीर थकलेल्या ठिकाणापासून सुरुवात करते. असे तीन-चार दिवस साचले की म्हातारे माणूस कोसळते. उतारवयात तहान कमी लागते, घाम कमी येतो. त्यात सासूबाईंना रक्तदाबासाठी पाण्याची गोळी चालू होती. (ती आपल्या मनाने बंद करायची नाही, पण उन्हाळा लागला की डॉक्टरांना एकदा विचारून घ्यायचे.) आणि पंखा? हवाच अंगापेक्षा गरम झाली असेल तर पंखा ती गरम हवाच अंगावर फेकत राहतो. मी पाचावर केलेला तो पंखा आठवून मला कसेसेच झाले.

घरी आल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे एक साधा भिंतीवरचा तापमापक आणला. दीडशे रुपयांत मिळतो. मुलीच्या वहीत चार दिवस आकडे लिहिले. दुपारी बारा वाजता खोलीत ३४ अंश आणि रात्री नऊला ३७! त्याच वेळी गच्चीवर ३२. म्हणजे सूर्य मावळल्यावर बाहेरची हवा निवत होती आणि आमची खोली चढत होती. मी आजवर दोष खिडकीला देत होते, जाड पडदे शिवत होते. चोर डोक्यावर बसला होता.

आपल्या सिमेंटच्या स्लॅबची जाडी साधारण चार-पाच इंच असते. तो दिवसभर ऊन पितो. ती उष्णता वरून खाली उतरायला काही तास लागतात, म्हणून दुपारचे ऊन आपल्या छताला खालून संध्याकाळी लागते आणि मध्यरात्रीपर्यंत खोलीत पाझरत राहते. इस्त्रीचे बटण बंद केले तरी ती लगेच गार होते का? तसेच. पत्र्याची खोली असेल तर गणित उलटे. पत्रा क्षणात तापतो, क्षणात निवतो. तिथे रात्र बरी जाते, पण दुपारी बारा ते पाच माणूस थांबू नये अशी अवस्था असते.

माझ्या आजोळी पारनेरकडे माळवदाचे घर होते. सागवानी तुळया, त्यावर कड्या, किलचन, आणि वर चांगला हातभर थर पांढऱ्या मातीचा. पावसाळ्यापूर्वी मामा नवी माती घालून चोपून उतार नीट करायचे, नाहीतर ओघळ आत यायचे. मे महिन्याच्या दुपारी आम्ही पोरे त्या खोलीत गोधडी मागत होतो, असे सांगितले तर माझ्या मुलीला खोटे वाटते. आता विचार केला की कळते, त्या छताकडे दोन गोष्टी होत्या. जाडी होती, त्यामुळे ऊन खाली पोचेपर्यंत दिवस संपे. आणि रंग फिका होता. पांढरी माती ती, ऊन प्यायच्या आतच बरेचसे परतून लावत असे. आपण माळवद उतरवून स्लॅब टाकला तेव्हा गळती गेली, उंदीर-घुशी गेल्या, फार बरे झाले. पण जाडीही गेली आणि पांढरेपणाही. वर राहिला तो काळपट करडा कोबा.

जाडी परत आणता येत नाही. कोणाच्या मनात स्लॅबवर माती पसरायचे आले असेल तर कृपा करून थांबा. एक फूट ओली माती म्हणजे दर चौरस फुटाला जवळजवळ ५० किलो वजन. नेहमीचा स्लॅब त्यासाठी बांधलेला नसतो. पांढरेपणा मात्र परत आणता येतो, आणि तोही हजार-दोन हजारांत.

पण त्याआधी पाण्याविषयी बोलले पाहिजे, कारण बहुतेकींना पहिला सुचतो तो पाण्याचा उपाय. मागे मी आमच्या शाळेच्या मुलींना घेऊन फऱ्याबाग महाल दाखवायला गेले होते. नगरच्या निजामशाहीतला हा महाल १५८३ साली पुरा झाला. आठ बाजूंचा, दुमजली, आणि भोवती तळे. भिंती जाड, मधला दिवाणखाना उंचच उंच. तळ्यावरून आलेला वारा कमानींतून आत शिरायचा, अशी ती रचना. एका मुलीने विचारले, "बाई, आपण पण घराभोवती पाणी ठेवलं तर?" सगळ्या हसल्या. आम्ही गेलो तेव्हा तळे कोरडे होते आणि आमच्या गल्लीत नळ दिवसाआड येतो.

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारले तर स्लॅब निवतो, हे खरे. पाण्याची वाफ होताना ती स्लॅबची उष्णता घेऊन जाते. ओली गोणपाटे पसरली तर परिणाम आणखी टिकतो. पण रोज दहा-बारा बादल्या कुठून आणायच्या? आणि जिन्याने वर कोणी न्यायच्या, हेही ठरलेलेच. कपडे धुतल्याचे शेवटचे पाणी वाया जात असेल तर ते जरूर गच्चीवर टाका. पिण्याच्या पाण्याची मात्र अशी वाफ करू नये. आपल्या जिल्ह्यात उपाय असा हवा की ज्याला पाणी लागत नाही.

तो उपाय म्हणजे चुना.

गच्चीला चुन्याची सफेदी करायची. यात नवे काही नाही. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या लाटेत फार माणसे दगावली. त्यानंतर २०१३ साली तिथल्या महापालिकेने उन्हाळ्यासाठी स्वतंत्र आराखडा केला, आणि पुढे वस्त्यांमधल्या हजारो छपरांना पांढरा रंग दिला. पांढऱ्या छताखालची खोली दोन ते पाच अंशांनी उतरते असा सर्वसाधारण अनुभव आहे. माझ्या वहीतला आकडा सांगते: रात्री नऊला ३७ होते ते, बाहेर तेवढेच ऊन असलेल्या दिवशी, ३४ झाले. तीन अंश कागदावर थोडे दिसतात. झोपेत फार असतात.

आता कृती. आमची गच्ची साधारण ५०० चौरस फुटांची. २० किलो चुनकळी आणली. लोखंडी पिंपात आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी चुनकळी, या क्रमाने विरवायची. चुनकळीवर पाणी ओतू नका, आणि प्लॅस्टिकची बादली वापरू नका. मिश्रण उकळते, उडते. मुलांना त्या दिवशी गच्चीबंदी. रात्रभर मुरू द्यायचे, सकाळी जुन्या पातळातून गाळायचे. पकड यावी म्हणून पूर्वी डिंक घालत, आम्ही अर्धा किलो फेव्हिकॉल पातळ करून घातला. गच्ची आदल्या दिवशी झाडून, शेवाळ खरवडून, धुऊन घ्यायची. धुळीवर दिलेला चुना पापुद्र्यासारखा सुटतो. मग सकाळी सातच्या आत किंवा ऊन उतरल्यावर लांब दांड्याच्या ब्रशने पातळ हात द्यायचा. एक वाळला की दुसरा, मग तिसरा. एकच जाड हात देण्याचा आळशीपणा आमच्या ह्यांनी एका कोपऱ्यात केला, तो कोपरा पंधरा दिवसांत उखडला. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. डोळ्यांत शिंतोडा गेला तर भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहायचे आणि डॉक्टरांकडे जायचे. घरगुती औषध नको.

गच्चीवर काळी पाण्याची टाकी असेल तर तिलाही बाहेरून पांढरा रंग द्या किंवा वर सावली करा. दुपारी नळातून येणारे कढत पाणी ही काही देणगी नाही.

अडचणीही सांगते, नाहीतर मला दोष द्याल. पहिली अडचण वाळवणाची. आमच्याकडे सासूबाईंनी लगेच विचारले, "आणि माझ्या कुरडया कुठं घालू? चुन्यात?" प्रश्न रास्त होता. एप्रिल-मे म्हणजे पापड, सांडगे, मिरच्या, वर्षाचे गहू. पायांना, पदराला पांढरी भुकटी लागतेच. आम्ही वाळवणासाठी दोन खाटा वर नेल्या, त्यावर जुने धोतर अंथरले. जमिनीवर घालण्यापेक्षा बरेच, मांजरही पोचत नाही असे सासूबाईच आता सांगतात. जमल्यास सफेदी होळीच्या सुमारास, वाळवणाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी उरकावी. दुसरी अडचण पावसाची. पहिल्या दोन-तीन जोरदार सरींत बराच चुना धुऊन जातो. दरवर्षी पुन्हा काम आले. गच्चीचे पाणी टाकीत किंवा विहिरीत सोडत असाल तर पहिले पाणी बाहेर काढून द्या. तिसरी, शेजारच्या उंच घरातल्या वहिनी म्हणाल्या, "तुमची गच्ची डोळ्यांत घुसते हो." त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. दोन दिवसांनी त्यांनीच चुन्याचे प्रमाण विचारले.

दरवर्षीची कटकट नको आणि हातात पैसे असतील, तर गच्चीच्या दुरुस्तीच्या वेळी कोब्यावर पांढऱ्या चकचकीत फरशीचे तुकडे बसवून घ्या. त्याला गवंडी चायना मोझॅक म्हणतात. आपण दिवाणखान्याच्या फरशीला हजारो रुपये हसत देतो, गच्चीचा विषय निघाला की "तिथं कोण बघतंय?" भाड्याच्या घरात असाल तर घरमालकांना विचारून चुनाच बरा, त्यात तोडफोड काही नाही.

हिरवी शेडनेटही छान काम करते. शेतीच्या दुकानात मिळते, रोपवाटिकेला लावतात तीच. मात्र ती स्लॅबवर अंथरायची नाही. बांबू रोवून डोक्याच्या वर ताणायची, म्हणजे मधून वारा जातो. दोऱ्या पक्क्या हव्यात. वळवाच्या वाऱ्यात आमची एक नेट उडून चौथ्या घराच्या दारात गेली होती. उसाचे पाचट किंवा कडबा पसरायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. एक ठिणगी पुरते.

एवढे झाले की मग खिडक्या. सकाळी नऊच्या सुमारास, बाहेरची हवा तापू लागली की बंद. संध्याकाळी तापमापकात आतले आणि बाहेरचे बघून, बाहेर गार झाले की सगळ्या सताड. पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावण्यापेक्षा बाहेरून बांबूची चिक सोडा. ऊन काचेतून आत आले की मग पडद्याने काय अडवणार? आणि रात्री जिन्याच्या माथ्याचे गच्चीचे दार जाळी लावून उघडे ठेवा, खालची एखादी खिडकीही उघडी ठेवा. गरम हवा जिन्यातून वर निघून जाते, खालून गार हवा ओढली जाते. हे फुकटचे धुराडे प्रत्येक दुमजली घरात असते, आपण चोराच्या भीतीने कुलूप लावून ठेवतो. जाळीच्या दाराला कुलूप लावा ना.

कूलरबद्दल थोडेच. आपल्याकडचा एप्रिल-मे कोरडा, म्हणून कूलर उत्तम चालतो. जूनमध्ये हवा दमट झाली की तोच कूलर चिकचिक वाढवतो. तो खोलीच्या मध्ये ठेवून दारे-खिडक्या लावून घेणे ही सर्रास होणारी चूक. कूलर खिडकीत, तोंड आत, आणि समोरची खिडकी उघडी. वाळ्याच्या ताट्या मिळाल्या तर सुगंधही येतो. आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण काढून टाकी घासून कोरडी करायची, नाहीतर डासांची पैदास. आणि पाणी भरताना बटण बंद करून पिनही काढायची. ओल्या हाताने चालू कूलरला हात लावून माणसे गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. अर्थिंग तपासून घ्या.

ए.सी. घेणार असाल तर घ्या, पण सफेदी आधी. तापलेल्या स्लॅबखाली ए.सी. म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे; बिल आले की कळते.

आणि या सगळ्याबरोबर घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे लक्ष. तहान लागायची वाट न बघता ताक, पन्हे, पाणी हातात द्यायचे. जुलाब-उलटीने पाणी कमी झाले असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारून. माणूस असंबद्ध बोलू लागले, अंग तापले, तर कांद्याचा रस, पन्हे यांत वेळ घालवू नका. शुद्ध नीट नसेल तर तोंडात काहीही घालू नका. अंगावर पाणी, वारा, आणि १०८ ला फोन.

श्रीरामपूरच्या भगिनींना एवढेच आणखी सांगते. चुना यंदाही देऊन टाका, उशीर झाला असे समजू नका. अजून पुष्कळ उन्हाळा बाकी आहे. आणि गच्चीचे म्हणाल, तर आम्ही यंदा गच्चीच्या ज्या दोन बाजूंना शेजारच्या खिडक्या आहेत, तिथे बांबू बांधून शेडनेटचा पुरुषभर उंचीचा आडोसा केला. कठड्यापासून चांगल्या अंतरावर खाटा, वर मच्छरदाणी. सासूबाई, मुलगी आणि मी तिथे झोपतो. सासूबाई पडल्या पडल्या नातीला सप्तर्षी दाखवतात. पहाटे तीननंतर चादर ओढावी लागते.

आमचे "हे" खाली खोलीत झोपतात. खोली आता बरी आहे म्हणतात.